रीबूटनंतर सर्व्हिस आपोआप कशी उठवावी: सिस्टमडीवर आपलं ॲप बसवताना

सिस्टमडी म्हणजे लिनक्समध्ये सर्व्हिस (पार्श्वभूमीत चालणारे प्रोग्राम) सुरू करणारा आणि सांभाळणारा प्रोग्राम; त्याला 'सिस्टमसीटीएल' या आज्ञेने सूचना देतात. 'सिस्टमसीटीएल स्टार्ट' सर्व्हिस आत्ता चालू करतं. पुढच्या बूटला ती आपोआप यावी यासाठी 'एनेबल' लागतं. नुसतं स्टार्ट केलेलं ॲप महिनोन्महिने निमूट चालतं आणि कर्नल अपडेटनंतर रीबूट केला की गायब होतं. डेबियन 8 (2015) किंवा रेड हॅट 7 (2014) आणि त्यानंतरच्या सर्व्हरवर हेच गणित आहे. इथे आज्ञा उच्चाराप्रमाणे लिहिल्या आहेत; टर्मिनलवर त्या रोमन लिपीत, लहान अक्षरांत टाका.

समजा ॲपचं नाव 'हिशेब'. आधी 'युजरॲड --सिस्टम हिशेब' देऊन त्याच्यासाठी वेगळा युजर करा. रूटखाली (सर्वाधिकार असलेल्या युजरखाली) चालवण्याचा आळस नको.

मग '/ईटीसी/सिस्टमडी/सिस्टम' या फोल्डरमध्ये 'हिशेब.सर्व्हिस' ही युनिट फाइल (सर्व्हिस कशी चालवायची हे सिस्टमडीला सांगणारी फाइल) बनवा. पॅकेजबरोबर आलेल्या '/यूएसआर/लिब'मधल्या फाइलींना हात लावू नका, पुढच्या अपडेटमध्ये तुमचे बदल पुसले जातील. त्यांच्यात फरक करायचा असेल तर 'सिस्टमसीटीएल एडिट' वापरा.

फाइलचे तीन भाग: युनिट, सर्व्हिस, इन्स्टॉल. भागांच्या आणि सेटिंगच्या नावांत मात्र प्रत्येक शब्दाचं पहिलं अक्षर मोठं असतं, जसं WantedBy. इन्स्टॉलमध्ये 'वाँटेडबाय' समोर 'मल्टी-युजर.टार्गेट' (सर्व्हर नेहमीसारखा उठण्याचा टप्पा) लिहा. ही ओळ राहिली तर एनेबलला काही जोडताच येत नाही.

सर्व्हिस भागात युजर, 'वर्किंगडिरेक्टरी' आणि 'एक्झेकस्टार्ट' द्या. एक्झेकस्टार्टमध्ये पूर्ण पाथ लिहा. ही ओळ शेलमधून (टर्मिनलवरच्या आज्ञा वाचणाऱ्या प्रोग्राममधून) जात नाही, म्हणून पाइप किंवा आउटपुट वळवण्याचं चिन्ह चालत नाही आणि 'बॅशआरसी' ही शेलची सेटिंग फाइलही वाचली जात नाही. "हाताने चालतं, सर्व्हिस म्हणून चालत नाही" या तक्रारीचं मूळ बहुतेक वेळा इथेच सापडतं. पासवर्ड वगैरे वेगळ्या फाइलमध्ये ठेवा, तिची परवानगी 600 (फक्त मालकाला वाचता-लिहिता येईल अशी) करा आणि तिचा पाथ 'एन्व्हायर्न्मेंटफाइल'मध्ये द्या.

आता खरी मेख. 'रीस्टार्ट'ला 'ऑन-फेल्युअर' लिहून लोक निर्धास्त होतात, पण 'रीस्टार्टसेक' न दिल्यास दोन प्रयत्नांमध्ये फक्त 100 मिलिसेकंद जातात. शिवाय 10 सेकंदांत 5 वेळा सुरू करून झालं की सिस्टमडी नाद सोडतो. डेटाबेस उठायला चार सेकंद लागले तर तुमचे पाचही प्रयत्न त्याआधीच संपलेले असतात. रीस्टार्टसेक 5 ठेवा, म्हणजे ती मर्यादा गाठलीच जात नाही. आधीच अडकलं असेल तर 'सिस्टमसीटीएल रीसेट-फेल्ड' देऊन पुन्हा स्टार्ट करा.

युनिट भागातलं 'आफ्टर' फक्त क्रम ठरवतं, समोरच्या सर्व्हिसला उठवत नाही. त्यासाठी 'वाँट्स' जोडा. 'रिक्वायर्स' कडक आहे: डेटाबेस थांबवला की ॲपही थांबतं. ॲप ठरावीक आयपीवर ऐकत असेल तर 'नेटवर्क.टार्गेट' पुरत नाही, कारण तोवर आयपी मिळालेला असेलच असं नाही. 'नेटवर्क-ऑनलाइन.टार्गेट' लिहा, आफ्टर आणि वाँट्स दोन्हींत.

फाइल झाली की 'सिस्टमडी-ॲनालाइझ व्हेरिफाय' देऊन तपासा, मग 'सिस्टमसीटीएल डेमन-रीलोड' आणि शेवटी 'सिस्टमसीटीएल एनेबल --नाऊ'. पुढे कधीही फाइल बदलली तर डेमन-रीलोड आणि रीस्टार्ट दोन्ही लागतात.

सर्व्हिस उठली नाही तर 'जर्नलसीटीएल -यू हिशेब -बी' देऊन तिची नोंद पाहा. त्यातल्या स्टेटस आकड्यांपैकी 203 म्हणजे प्रोग्राम चालवताच आला नाही: पाथ चुकला, चालवण्याची परवानगी नाही, किंवा विंडोजवर लिहिलेल्या स्क्रिप्टच्या ओळींची टोकं चुकीची आहेत. 200 म्हणजे वर्किंगडिरेक्टरीत जाता आलं नाही, 217 म्हणजे युजर सापडला नाही.

मग सर्व्हर खरोखर रीबूट करा, गर्दी नसलेल्या वेळी. बंद होताना ॲपने दाद दिली नाही तर सिस्टमडी सहसा 90 सेकंद थांबून मगच त्याला मारतो, तेव्हा लगेच पॉवर बटणाकडे धावू नका. परत आल्यावर 'सिस्टमसीटीएल --फेल्ड'ची यादी रिकामी दिसली पाहिजे. तरीही 'सिस्टमसीटीएल इज-ॲक्टिव्ह हिशेब' विचारून घ्या, कारण एनेबल न केलेली सर्व्हिस त्या यादीत येतच नाही.