कॅमेऱ्याआधी दिवा: जॉब तपासणारी व्हिजन सिस्टिम कशी आखावी

सातारा किंवा कुपवाड एमआयडीसीतल्या कुठल्याही टर्निंग शॉपमध्ये (लेथवर पार्ट बनवणाऱ्या कारखान्यात) व्हिजन सिस्टिमचा, म्हणजे कॅमेऱ्याने जॉब (बनवलेला पार्ट) तपासण्याचा, विषय निघाला की पहिला प्रश्न ठरलेला: "कॅमेरा किती मेगापिक्सेलचा?" हा प्रश्न शेवटी विचारायचा.

समजा, 40 मिमी व्यासाचं बुश, म्हणजे पोकळ गोल पार्ट, आहे. ते कन्व्हेयरच्या पट्ट्यावरून जात असताना फेसवरचा (वरच्या सपाट बाजूचा) 0.2 मिमीचा डेंट पकडायचा आहे.

आधी नमुने गोळा करा. 50 चांगले, 50 खराब आणि ज्यांच्यावरून क्वालिटी आणि प्रॉडक्शनची रोज जुंपते असे वीसेक. या वीस जॉबवर ग्राहकाची सही घ्या. "फेस क्लीन पाहिजे" याला स्पेसिफिकेशन म्हणत नाहीत.

पिक्सेलचं गणित दोन ओळींचं. लहानात लहान दोषावर निदान 4 पिक्सेल पडले पाहिजेत. 60 मिमी रुंद दृश्य आणि 1440 पिक्सेल, म्हणजे एक पिक्सेल 0.042 मिमीचा, डेंटवर जवळपास 5 पिक्सेल आले. म्हणजे 1440 × 1080 चा, दीड मेगापिक्सेलच्या आसपासचा कॅमेरा पुरतो. कॅमेऱ्यातला सेन्सर (फोटो टिपणारी चिप) 5 मिमी रुंद आणि कॅमेरा 300 मिमी उंचीवर असेल, तर 300 × 5 ÷ 60 = 25 मिमीची लेन्स.

खरं घोडं अडतं ते उजेडापाशी. फोटोत जो डेंट दिसतच नाही, तो कुठलंही सॉफ्टवेअर शोधून देणार नाही, मग त्याला एआय म्हणा नाहीतर आणखी काही. टर्न केलेला फेस म्हणजे जवळजवळ आरसा. कॅमेऱ्याभोवती साधी रिंग लाइट लावली की फेसवर एलईडीच्या ठिपक्यांचं पांढरं कडं उमटतं आणि डेंट नेमका त्याखाली लपतो. यावर उजेड वाढवणं हा उपाय नाही. वाढवला की कडं आणखी फुगतं.

दिवा खाली आणा. जॉबच्या अगदी जवळून, 10 ते 20 अंशांच्या तिरक्या उजेडात गुळगुळीत फेस काळा पडतो आणि डेंटची कड चमकते. पण टूल मार्क (लेथच्या टूलने उमटलेल्या रेषा) खोल असतील तर तेही गोल गोल चमकतात आणि चांगले जॉब रिजेक्ट होऊ लागतात. तिथे डोम लाइट (घुमटातून सगळीकडून मऊ उजेड पाडणारी) बरी: तिच्यात टूल मार्क विरतात, मात्र बारीक ओरखडाही विरू शकतो. म्हणून कोटेशन मागवण्याआधी गोळा केलेल्या नमुन्यांतले तेच दहा जॉब दोन्ही दिव्यांखाली टेबलावर ठेवून फोटो काढा. डोळ्याला फरक सहज दिसला नाही तर पुढे जाऊ नका.

कूलंटचा (मशीनवर जॉब थंड ठेवणाऱ्या द्रवाचा) थेंबही डेंटसारखाच दिसतो. कॅमेऱ्याच्या आधी एअर ब्लो, म्हणजे हवेचा झोत, हवाच.

आता बाहेरचा उजेड. शेडच्या पत्र्यात पारदर्शक शीट असते. सकाळी अकराला ऊन थेट पट्ट्यावर उतरतं, जूनमध्ये ढग आले की अंधारून येतं. सेटिंग एकाच दिवशी केलं तर दुसऱ्या दिवशी बिघडणारच. लाल एलईडी, लेन्सवर त्याच रंगाचा बँडपास फिल्टर (फक्त तोच रंग आत सोडणारा) आणि वरून काळं कव्हर, असं तिन्ही करा. परीक्षा सोपी आहे: भर दुपारी दिवा बंद करून फोटो घ्या. तो जवळपास काळा आला पाहिजे.

पट्टा सेकंदाला 300 मिमी धावत असेल तर एक्स्पोजर (एका फोटोसाठी उजेड घेण्याचा वेळ) 100 मायक्रोसेकंद ठेवा. तेवढ्यात जॉब 0.03 मिमी, म्हणजे पिक्सेलपेक्षा कमी सरकतो. 1 मिलिसेकंदात तो 0.3 मिमी सरकेल, डेंटपेक्षा जास्त. एवढ्या कमी वेळात उजेड पुरावा म्हणून दिवा कॅमेऱ्याच्या ट्रिगरवर स्ट्रोब करा, म्हणजे फोटोच्या क्षणीच जोरात चमकवा.

पीएलसी (लाइन चालवणारा कंट्रोलर), जॉब आल्याचं कळवणारा सेन्सर, खराब जॉब बाजूला ढकलणारा रिजेक्ट सिलिंडर: नेहमीचंच काम.

दर शिफ्टला पाच खराब मास्टर जॉब (खराब असल्याचं आधीच माहीत असलेले नमुने) पट्ट्यावरून सोडा. एक जरी निसटला तरी लाइन थांबवा. रिजेक्ट पेटीला कुलूप हवं आणि किल्ली क्वालिटीकडे. ऑपरेटरकडे राहिली, तर टार्गेट कमी पडलं की तेच जॉब चांगल्या ट्रेमध्ये जातात.