मराठवाड्याच्या उन्हाळ्यात थंड प्रदेशातली फ्रेंच व्हाइट वाइन

सुरुवात शाब्लीपासून करा, ही फ्रान्सच्या बर्गंडी भागातल्या शाब्ली गावची वाइन. द्राक्ष शार्दोने, माती चुनखडीची. वसंतातही दव गोठतं, म्हणून तिथले शेतकरी रात्री बागेत मेणाच्या शेगड्या पेटवतात. थंडीमुळे द्राक्षातलं आम्ल टिकतं. वाइन लिंबासारखी तरतरीत लागते. लुआर नदीच्या खोऱ्यातली म्युस्काडे ही वाइन आणखी हलकी. पैठणच्या तळलेल्या माशासोबत हीच घ्या.

ठेचा, काळा मसाला असेल तर कोरडी, म्हणजे गोडवा नसलेली, वाइन नको, तिखट आणखी झोंबतं. फ्रान्सच्या अल्सास भागातली, रीसलिंग द्राक्षाची वाइन आणा. लेबलवर ‘सेक’ म्हणजे कोरडी, ‘दमी-सेक’ म्हणजे किंचित गोड. आपल्याला दुसरी हवी.

खरी अडचण उन्हाची. मे महिन्यात लातूर-नांदेडच्या रस्त्यावर गाडीच्या डिकीत बाटली ठेवली की वाइन शिजते. बूच वर सरकलेलं किंवा मान चिकट दिसली तर घेऊ नका. तळाशी साखरेसारखे खडे दिसले तर घाबरू नका, ते टार्टारिक आम्लाचे क्षार.

बादलीत अर्धा बर्फ, अर्धं पाणी, मूठभर मीठ. बाटली वीसेक मिनिटं ठेवा. नुसत्या बर्फात गार व्हायला वेळ लागतो. ८ ते १० अंश पुरे, त्याखाली वास दबतो. पेल्यात एका वेळी १०० मिलीच ओता, बाकीची बादलीतच राहू द्या. पेल्यात बर्फ मात्र टाकू नका.