उसने कोणी घेतले आणि कोणी दिले: ‘बॉरो’ या क्रियापदाचा अचूक वापर

मराठवाड्यातल्या कोणत्याही गावात शेजारच्या दारात वाटी घेऊन उभे राहिलेले लेकरू ‘आईने वाटीभर पीठ उसने मागितले आहे’ असे सांगते, तेव्हा देणारे कोण आणि घेणारे कोण याविषयी कोणाच्याही मनात गोंधळ नसतो. तेच लेकरू पुढे दहावीच्या वर्गात इंग्रजी लिहायला बसते आणि ‘बॉरो’ व ‘लेंड’ यांची सर्रास अदलाबदल करते. यात त्याच्या बुद्धीचा दोष नाही. मराठीत ‘उसने’ हा शब्द दोन्ही बाजूंना तोच राहतो आणि दिशा दाखवण्याचे काम ‘घेणे’ व ‘देणे’ ही क्रियापदे करतात. इंग्रजीत मात्र दिशा मूळ क्रियापदाच्या पोटातच असते. ‘बॉरो’ म्हणजे परत करण्याच्या बोलीवर घेणे, आणि ‘लेंड’ म्हणजे त्याच बोलीवर देणे. जर्मन भाषेत याच कुळातले ‘बोर्गन’ हे क्रियापद आजही दोन्ही अर्थांनी वापरले जाते, त्यामुळे हा घोटाळा केवळ आपल्याकडचाच आहे असे मानण्याचे कारण नाही.

वाक्य लिहिण्यापूर्वी एकच प्रश्न विचारावा: वस्तू कर्त्याकडे येते की कर्त्याकडून जाते? येत असेल तर ‘बॉरो’, जात असेल तर ‘लेंड’. ‘मी मामाकडून दोन हजार रुपये उसने घेतले’ याचे इंग्रजी ‘आय बॉरोड टू थाउजंड रुपीज फ्रॉम माय अंकल’ असे होते. हाच व्यवहार मामाच्या बाजूने सांगायचा झाल्यास ‘माय अंकल लेंट मी टू थाउजंड रुपीज’ असे लिहावे लागते. ‘बॉरो’ची भूतकाळाची रूपे नियमित आहेत, म्हणजे दोन्ही ठिकाणी ‘बॉरोड’. ‘लेंड’चे मात्र ‘लेंट’ होते, ‘लेंडेड’ नव्हे.

खरी अडचण शब्दयोगी अव्ययात आहे, आणि शिकवताना तिच्यावर पुरेसा वेळ दिला जात नाही असे माझे मत आहे. मराठीतले ‘कडून’ दोन वेगळी कामे करते. ‘मामाकडून पैसे घेतले’ यात ते पैसे कोठून आले ते सांगते, तर ‘माझ्याकडून चूक झाली’ यात ती चूक कोणी केली ते सांगते. इंग्रजीत पहिल्या कामासाठी ‘फ्रॉम’ आणि दुसऱ्यासाठी बहुधा ‘बाय’ येते. ज्या विद्यार्थ्याने ‘कडून’ म्हणजे ‘बाय’ एवढेच पाठ केलेले असते, तो ‘द मनी वॉज बॉरोड बाय माय अंकल’ असे लिहून मोकळा होतो. वाक्य व्याकरणाने शुद्ध दिसते, परंतु अर्थ नेमका उलटा झालेला असतो: ज्या मामाने पैसे दिले, तोच कर्जदार ठरतो! म्हणून ‘बॉरो’ हा शब्द सुटा पाठ न करता ‘बॉरो समथिंग फ्रॉम समवन’ अशी अख्खी जोडणी पाठ करावी. ‘लेंड’च्या दोन जोडण्या आहेत, ‘लेंड मी युवर पेन’ आणि ‘लेंड युवर पेन टू मी’, आणि दोन्ही बरोबर आहेत. ‘बॉरो मी युवर पेन’ ही जोडणी मात्र प्रमाण इंग्रजीत चालत नाही. पेन मागताना ‘कॅन आय बॉरो युवर पेन?’ किंवा ‘कुड यू लेंड मी युवर पेन?’ म्हणावे, नुसते ‘गिव्ह मी युवर पेन’ हुकूम सोडल्यासारखे ऐकू येते आणि पेन परत मिळणार की नाही हेही त्यातून कळत नाही.

आपल्याकडच्या प्रत्येक देवघेवीला ‘बॉरो’ लागू पडत नाही, हेही ध्यानात ठेवावे. वाटीभर पीठ किंवा साखर चालते. तीच साखर परत जात नाही, तेवढीच दुसरी जाते, तरी इंग्रजी त्याला ‘बॉरो’च म्हणते. बँकेच्या पीककर्जालाही ते चालते, जरी तिथे ‘टेक अ लोन’ अधिक रूढ आहे. किराणा दुकानातून उधारीवर आणलेले तेल मात्र विकत घेतलेले असते, फक्त पैसे नंतर द्यायचे असतात. तिथे ‘बाय ऑन क्रेडिट’ लिहावे. भाड्याने आणलेल्या ट्रॅक्टरसाठी ‘हायर’ किंवा ‘रेंट’, कारण ‘बॉरो’मध्ये सहसा भाडे गृहीत नसते. बीड जिल्ह्यातला ऊसतोडीचा कोयता, म्हणजे नवरा-बायकोची जोडी, हंगामापूर्वी मुकादमाकडून जी उचल घेतो, ती पुढच्या मजुरीतून फिटायची असते. तिच्यासाठी ‘टेक ॲन ॲडव्हान्स’ हा प्रयोग अधिक नेमका आहे. ती उचल वर्षानुवर्षे फिटत नसेल तर तिला कर्ज म्हणावे की नाही, हा प्रश्न इंग्रजी व्याकरणाच्या कक्षेबाहेरचा आहे.

कालावधी सांगताना आणखी एक चूक होते. ‘बॉरो’ ही घेण्याच्या क्षणी पूर्ण होणारी क्रिया आहे. ‘कॅन आय बॉरो युवर सायकल फॉर टू डेज?’ हे बरोबर आहे, कारण तिथे दोन दिवस हा परतीचा वायदा आहे. परंतु ‘हे पुस्तक माझ्याकडे जूनपासून आहे’ हे सांगण्यासाठी ‘आय हॅव बॉरोड धिस बुक सिन्स जून’ असे न लिहिता ‘आय हॅव हॅड धिस बुक सिन्स जून’ असे लिहावे.

राहिले दोन प्रयोग, ज्यांत परतफेडीचा प्रश्नच येत नाही. 52 मधून 27 वजा करताना दोनातून सात जात नाहीत म्हणून आपण दशकाकडून एक घेतो. त्याला इंग्रजीत ‘बॉरो’ म्हणतात आणि बेरजेतल्या हातच्याला ‘कॅरी’. आपण मात्र अनेकदा दोन्ही वेळी ‘हातचा’च म्हणतो, त्यामुळे इंग्रजी माध्यमातल्या नातवाला गणित शिकवताना आजोबांची अडचण होते. दुसरा प्रयोग शब्दांचा. एका भाषेने दुसरीतून शब्द घेतला की तिथेही ‘बॉरो’ येते, आणि त्याचे उदाहरण आपल्या बांधावरच सापडते: ‘इंग्लिश बॉरोड द वर्ड मंगूस फ्रॉम मराठी’, म्हणजे आपला मुंगूस.