खेकड्याचं रक्त दुधाळ होईपर्यंत थांबू नका

चीनच्या लिआओनिंग प्रांतातलं पानजिन भातखाचरांत पाळलेल्या केसाळ पंजाच्या खेकड्यांसाठी ओळखलं जातं. तिथे अलीकडच्या वर्षांत खेकड्याचं रक्त दुधाळ करणारा 'दुधाचा रोग' आला. मेश्निकोविया बायकस्पिडाटा नावाचं यीस्ट त्यामागे आहे. झेजियांगच्या किनाऱ्यावर पाळलेल्या समुद्री खेकड्यांत ते आधीच सापडलं होतं.

सगळ्यांत महागात पडणारी चूक म्हणजे खेकडा वरून पाहून 'ठीक आहे' म्हणणं. सुरुवातीला तो खातो, फिरतो, कवचावर डाग नाही. आत मात्र यीस्टला कोंब फुटून एकाचं दोन, दोनाचं चार चाललेलं असतं. खेकड्याचं रक्त बंद नळ्यांतून फिरत नाही, ते थेट अवयवांभोवती वाहतं. त्यामुळे यीस्ट हृदय, यकृत, कल्ले, स्नायू असं सगळीकडे पोचतं. मग खाणं कमी होतं, खेकडा मंदावतो, हातात धरताच पाय गळतात. शेवटी कवच उघडलं की पांढरं पाणी निघतं, मांस सैल झालेलं असतं. त्या खेकड्यासाठी करण्यासारखं काही उरलेलं नसतं.

म्हणून तपासणी आधी करा. चालायच्या पायाच्या बुडाशी जो मऊ पडदा असतो, तिथून बारीक सुईने थेंबभर रक्त काढा. निरोगी रक्त पारदर्शक, किंचित निळसर असतं आणि पटकन गोठतं. ढगाळ दिसलं, गोठायला तयार नसेल, तर काचेवर घेऊन सूक्ष्मदर्शकात 400 पट मोठं करून बघा. अंडाकृती पेशी आणि काहींना चिकटलेला छोटा कोंब दिसला, तर यीस्टचा संशय पक्का धरा. खात्री मात्र प्रयोगशाळेत संवर्धन (यीस्ट वाढवून बघणं) किंवा पीसीआर (जनुकीय चाचणी) करूनच.

इथेच दुसरी गल्लत होते. दुधाळ रक्त म्हणजे यीस्टच, असं नाही. हेमॅटोडिनियम नावाचा परजीवीही खेकड्याचं रक्त असंच दुधाळ करतो, आणि तो चिखलातल्या खेकड्यांच्या कुळातही आढळला आहे. कोकणात चिंबोऱ्या पाळणाऱ्यांनी पांढरं रक्त पाहून लगेच नाव ठरवू नये.

अँटिबायोटिक टाकणं तर पैसे पाण्यात. ती जिवाणूंवरची औषधं, यीस्टला त्यांचं काही वाटत नाही. मॅलाकाइट ग्रीनचा सल्ला कोणी दिला तर ऐकू नका, खाण्याच्या प्राण्यांत त्यावर बंदी आहे. आयोडीनसारखी जंतुनाशकं पाण्यातलं यीस्ट कमी करतील, खेकड्याच्या अंगातलं नाही.

मेलेला खेकडा तळ्यात ठेवणं मला सगळ्यांत निष्काळजी वाटतं. खेकडे मेलेल्या भाईबंदाला खातात, म्हणजे रोग ताटात वाढून दिल्यासारखं झालं. रोज काढा, पुरा, चुना घाला. कच्ची स्वस्त मासळी देणंही टाळा.

थंडीत सगळं शांत असतं, या समजुतीवरही विसंबू नका. पानजिनमध्ये हिवाळा आणि त्याच्या आगेमागेच या रोगाने जोर धरलेला दिसला. थंडीत खेकड्याची प्रतिकारशक्ती मंदावते, यीस्ट मात्र मरत नाही. म्हणून हिवाळी साठ्यातलं बीज, म्हणजे पाळायची पिल्लं, विकत घेताना त्यातल्या काहींचं रक्त आधी तपासून घ्या.

हंगाम संपल्यावर तळं रिकामं करून वाळवा, चुना मारा. आणि तळ्यात आपसूक वाढलेली बारीक कोळंबी विसरू नका. पानजिनच्या भागातल्या अशा कोळंबीतही हेच यीस्ट आढळलं आहे. ती तशीच राहिली, तर नव्या बीजासाठी रोग आधीच वाट पाहत बसलेला असतो.