लॉ सीईटीचा पेपर खरंच किती अवघड असतो आणि अभ्यास कुठून धरायचा

माझी भाची यंदा तीन वर्षांच्या एलएलबीची सीईटी देतेय. बीकॉम झालीय, शाळा पूर्ण मराठी मीडियमची, आणि तयारीच्या पहिल्याच दिवशी तिने कुणाकडून तरी आणलेलं जाडजूड गाइड उघडून कलमं पाठ करायला घेतली, ३०२ म्हणजे खून, ४२० म्हणजे फसवणूक असं. मी म्हटलं थांब गं, एक तर हा अभ्यास असा होत नाही आणि दुसरं म्हणजे ही कलमं आता त्या नंबरांची राहिलीच नाहीत. तेव्हापासून रोज रात्री फोनवर तिच्याशी जे बोलणं होतं तेच इथे लिहितेय, कारण तिच्यासारखी घाबरलेली बरीच मुलं आहेत आणि त्यातली निम्मी भीती पेपर नेमका काय असतो हे कुणी नीट सांगितलं नाही म्हणून असते.

आधी सांगाडा बघा. परीक्षा राज्याचा सीईटी सेल घेतो, कॉम्प्युटरवर, दोन तास. पूर्वी १५० प्रश्न असायचे, आता १२० असतात, प्रत्येकी एक मार्क, चार ऑप्शन, निगेटिव्ह मार्किंग नाही. तीन वर्षांच्या कोर्ससाठी लीगल ॲप्टिट्यूड २४, जीके आणि चालू घडामोडी ३२, लॉजिकल २४ आणि इंग्लिश तब्बल ४०. बारावीनंतरच्या पाच वर्षांच्या कोर्सला लीगल ३२, जीके २४, लॉजिकल ३२, इंग्लिश २४ आणि गणित ८. पेपर मराठीतून घेता येतो, इंग्लिशचा सेक्शन अर्थातच इंग्लिशमध्ये. तरीही फॉर्म भरायच्या वर्षीचं माहितीपत्रक स्वतः उघडून वाचा, मित्राने सांगितलं त्यावर जाऊ नका.

आता लीगलचा सेक्शन, ज्याची सगळ्यांना सगळ्यात जास्त धास्ती असते. यात कायदा येतो का हे बघण्यापेक्षा तुम्ही दिलेला नियम नीट वाचता का हे जास्त बघतात. एक नियम देतात, खाली एक प्रसंग, आणि विचारतात की जबाबदार कोण. भाचीला मी स्वतः एक बनवून दिला होता. नियम असा, की दुसऱ्याच्या जमिनीत परवानगीशिवाय जाणं म्हणजे ट्रेसपास, नुकसान झालं नाही तरी आणि हेतू काहीही असला तरी. प्रसंग असा, की सखारामची शेळी दावं तोडून शेजारच्या शेतात शिरली, शेजारी घरी नव्हता, सखाराम बांध ओलांडून गेला आणि पिकाला धक्काही न लावता शेळी घेऊन परत आला. तो जबाबदार आहे का? भाची लगेच म्हणाली नाही, स्वतःचीच शेळी आणायला गेला ना बिचारा. चुकलं! नियमात स्पष्ट लिहिलंय हेतू काहीही असला तरी आणि नुकसान नसलं तरी, म्हणजे तो जबाबदार. इथेच मार्क जातात, मुलं मनातल्या न्यायाने उत्तर देतात आणि पेपरला तुमचा न्याय नको असतो, त्याने दिलेला नियम लावून हवा असतो.

याच्या पुढची पायरी म्हणजे तुम्हाला माहीत असलेला कायदा आणि दिलेला नियम यांची टक्कर. अठरा वर्षांखालच्या मुलाने केलेला करार मुळातच रद्दबातल, हे १९०३ च्या मोहोरी बीबी खटल्यापासून ठरलेलं आहे आणि ते माहीत असायलाच हवं. पण समजा प्रश्नातच लिहिलं की सोळा वर्षांवरची कुठलीही व्यक्ती करार करू शकते, आणि प्रसंगात सतरा वर्षांच्या मुलाने हप्त्यावर मोबाईल घेतलाय, तर करार वैध धरायचा. तुमचं ज्ञान त्या एका मिनिटापुरतं बाजूला ठेवायचं. हे पचायला आठवडाभर लागतो, पण एकदा पचलं की सेक्शन हातात येतो.

या सेक्शनमध्ये थेट प्रश्नही असतात आणि त्यासाठी राज्यघटना हा पहिला अभ्यास. मूलभूत हक्क, त्यातही कलम १४ (समानता), १९ (स्वातंत्र्य), २१ (जीवित) आणि ३२ (हक्कांसाठी थेट सर्वोच्च न्यायालयात दाद) अगदी झोपेत विचारलं तरी यायला हवेत. शिक्षणाचा हक्क २१क मध्ये २००२ च्या ८६ व्या दुरुस्तीने आला, मालमत्तेचा हक्क मूलभूत हक्कांतून १९७८ च्या ४४ व्या दुरुस्तीने गेला, केशवानंद भारती खटला, म्हणजे घटनेची मूळ चौकट संसदेला मोडता येत नाही असं ठरवणारा, १९७३ चा, तेरा न्यायाधीशांचं पीठ आणि सात विरुद्ध सहा असा निकाल. नुसत्या तारखा रटू नका, काय होतं आणि काय झालं अशी जोडी लक्षात ठेवा. मराठीतून पेपर देणाऱ्यांनी रिटची, म्हणजे हक्क राखायला कोर्ट जे आदेश काढतं त्यांची, नावं दोन्ही भाषांत पाठ करावीत हे मी हात जोडून सांगते, कारण हेबियस कॉर्पसला कुठल्या पुस्तकात देहोपस्थिती लिहिलेलं असतं तर कुठे बंदी प्रत्यक्षीकरण, मँडॅमसला कुठे महादेश तर कुठे परमादेश, आणि उत्तर येत असूनही शब्द अनोळखी वाटला म्हणून प्रश्न हातचा जातो, त्याचं फार वाईट वाटतं.

आणि ते जुनं गाइड. १ जुलै २०२४ पासून भारतीय दंड संहिता, फौजदारी प्रक्रिया संहिता आणि पुरावा कायदा हे तिन्ही गेले आणि त्यांच्या जागी भारतीय न्याय संहिता, भारतीय नागरिक सुरक्षा संहिता आणि भारतीय साक्ष्य अधिनियम आले. खुनाची शिक्षा आता कलम १०३ मध्ये, फसवणूक ३१८ मध्ये, जुन्या ५११ कलमांची ३५८ झाली, समाजसेवा ही शिक्षा म्हणून पहिल्यांदाच आली. एका क्लासने भाचीच्या मैत्रिणीला चांगले पैसे घेऊन जुन्याच नोट्स झेरॉक्स करून दिल्या होत्या, ते बघून माझा संताप झाला, कारण त्या पोरीच्या घरची परिस्थिती मला माहितीय. पुस्तक घेताना अनुक्रमणिका उघडा, न्याय संहिता दिसली नाही तर दुकानातच ठेवून या.

जीकेचं काय करायचं तर एक धागा पकडून त्याला ओढत जायचं. उदाहरणार्थ भूषण गवई १४ मे २०२५ ला ५२ वे सरन्यायाधीश झाले, ते अमरावतीचे. मग लगेच सगळ्यात जास्त काळ सरन्यायाधीश कोण होते, तर यशवंतराव चंद्रचूड, १९७८ ते १९८५, ते पुण्याचे. मग मुंबई उच्च न्यायालय १८६२ चं, त्याची खंडपीठं नागपूर, छत्रपती संभाजीनगर आणि गोव्यात, आणि ऑगस्ट २०२५ मध्ये कोल्हापूरला सर्किट बेंच, म्हणजे फिरतं पीठ, सुरू झालं. एका बातमीतून पाच प्रश्न तयार झाले बघा. तसंच मराठीला ३ ऑक्टोबर २०२४ ला अभिजात दर्जा, तिथून ज्ञानपीठ मिळालेले मराठी लेखक म्हणजे खांडेकर, कुसुमाग्रज, विंदा आणि नेमाडे. रोज वीस मिनिटं पेपर वाचून वहीत असे धागे लिहिले तर वर्षभराची चालू घडामोडींची मासिकं शेवटी घोकत बसावी लागत नाहीत.

तीन वर्षांच्या कोर्सवाल्यांनो, इंग्लिशचे ४० मार्क म्हणजे पेपरचा तिसरा हिस्सा आहे, आणि मराठी मीडियमची मुलं हाच सेक्शन सोडून दिल्यासारखा करतात. असं करू नका प्लीज. तिथे शेक्सपिअर येत नाही. समानार्थी, विरुद्धार्थी, गाळलेला शब्द, वाक्यातली चूक, वाक्यांचा क्रम आणि एखादा उतारा, एवढंच. काळ, प्रीपोझिशन आणि कर्ता-क्रियापदाचा मेळ या तीन गोष्टी शाळेच्या व्याकरणाच्या पुस्तकातून पक्क्या केल्या तरी बरंच निभावतं. नवीन शब्द एकटा लिहू नका, ज्या वाक्यात भेटला ते वाक्य लिहा.

लॉजिकलमध्ये नाती, दिशा, कोडिंग, मालिका, विधान आणि गृहीतक. हे सरावाचं काम आहे, रोज पंधरा-वीस प्रश्न पुरतात. गणित पाच वर्षांवाल्यांनाच, शेकडेवारी, गुणोत्तर, नफा-तोटा, काळ-काम, आठ मार्कांसाठी महिना घालवू नका.

मग अवघड काय आहे? एकेक प्रश्न सुटा घेतला तर बहुतेक बरे असतात, पण १२० प्रश्न आणि १२० मिनिटं, खरी अडचण तिथे आहे. पेपर सोपा म्हणजे तो सगळ्यांनाच सोपा, त्यामुळे मुंबईचं गव्हर्नमेंट लॉ कॉलेज किंवा पुण्याचं आयएलएस हवं असेल तर दोनचार मार्कांनी खूप खाली जाता. शिफ्ट जास्त असतील तर निकाल पर्सेंटाइलमध्ये लागतो, म्हणजे तुमचे मार्क इतरांच्या तुलनेत मोजले जातात. भाचीला मी वेळ अशी वाटून दिलीय, जीके १५ मिनिटं कारण तिथे येतं किंवा येत नाही, लीगल २५, इंग्लिश ३५, लॉजिकल ३५, आणि शेवटची १० अडलेल्यांसाठी. त्यातली शेवटची तीन मिनिटं फक्त रिकामे राहिलेले प्रश्न भरायला. निगेटिव्ह नाही, त्यामुळे वीस प्रश्न रिकामे सोडणं म्हणजे सरासरी पाच मार्क टेबलावर ठेवून उठणं. एकही रिकामा ठेवू नका, एकही.

क्लॅट देणाऱ्यांनी मात्र ही सवय तिकडे नेऊ नये. मुंबई, नागपूर, छत्रपती संभाजीनगरच्या राष्ट्रीय विधी विद्यापीठांसाठी क्लॅट लागते, तिथेही १२० प्रश्न आणि दोन तास, पण चुकीला पाव मार्क कापतात, पेपर फक्त इंग्लिशमध्ये आणि जवळपास सगळं मोठमोठ्या उताऱ्यांवर. दोन्ही द्यायच्या असतील तर अभ्यास क्लॅटचा करा, सीईटी त्यात बसते, फक्त थेट जीके आणि कायद्याचे सुटे प्रश्न वेगळे करावे लागतात. उलटं केलं तर क्लॅटला वाचनाचा स्पीड कमी पडतो.

मॉकचं, म्हणजे सराव पेपरचं, शेवटचं. आठवड्याला एक, खऱ्या परीक्षेच्याच वेळेला, फोन दुसऱ्या खोलीत. मार्क बघून वही मिटू नका, चुकलेल्या प्रत्येक प्रश्नापुढे लिहा की माहीत नव्हतं, वाचायला चुकलं का घाई झाली. भाचीच्या पहिल्या मॉकमध्ये लीगलचे नऊ चुकले, त्यातल्या सहांपुढे तिने स्वतःच्या हाताने 'नियम अर्धाच वाचला' असं लिहिलं होतं. परवाच्या मॉकनंतर तिचा फोन आला, मावशी, आज तसा एकच आहे.