हाड झिजलेल्या खुब्याची पुनर्बांधणी : नियोजन कसे करावे

सैल झालेला कृत्रिम खुबा बदलताना खरी कसोटी नवा सांधा बसवण्यात नसून, तो पेलायला धड हाड कुठे आणि किती उरले आहे हे ओळखण्यात असते. कृत्रिम सांध्याच्या पॉलिएथिलीनच्या (प्लॅस्टिकच्या) अस्तरातून झिजून सुटलेल्या सूक्ष्म कणांमुळे भक्षक पेशी चेतावतात आणि भोवतालचे हाड हळूहळू विरघळत जाते. रुग्णाला मात्र बराच काळ काहीच जाणवत नाही. म्हणूनच एक्स-रेत दिसते त्याहून हानी अधिक असणार, असे धरूनच तरुण सर्जनने तयारीला लागावे.

जंतुसंसर्गाची शंका फेडल्याशिवाय पुढे जाऊ नये. ईएसआर व सीआरपी (दाह दाखवणाऱ्या रक्तचाचण्या) तपासावे, सांध्यातील द्रव काढून त्यातील पेशी मोजाव्यात आणि कल्चर (जंतू वाढतात का हे पाहण्याची चाचणी) १४ दिवस ठेवावे. रुग्णाची प्रकृती परवानगी देत असेल, तर द्रव काढण्याआधी किमान दोन आठवडे प्रतिजैविके बंद ठेवावीत.

त्यानंतर एक्स-रे नीट वाचावा. हाडाची हानी मोजणाऱ्या पॅप्रोस्की यांच्या वर्गीकरणात चार खुणा पाहतात : कप (खुब्याच्या खोबणीत बसवलेली कृत्रिम वाटी) किती वर सरकला, इस्चियम (बैठकीचे हाड) किती विरघळले, टिअरड्रॉप (खोबणीच्या तळाशी आतल्या बाजूस एक्स-रेत दिसणारी थेंबासारखी आकृती) शाबूत आहे का आणि कोहलर रेषा (खोबणीची आतली सीमा दाखवणारी एक्स-रेवरील रेषा) ओलांडली गेली का. कप ३ सेंटीमीटरहून अधिक वर व बाहेर सरकला असेल तर ती स्थिती ३-ए, वर व आत घुसला असेल तर ३-बी. ३-बीमध्ये श्रोणीचे (कमरेच्या हाडाचे) वरचे आणि खालचे भाग एकमेकांपासून सुटलेले असण्याची शक्यता मनात ठेवून तिरपे एक्स-रे आणि सीटी स्कॅन करावेच. कप श्रोणीत शिरला असल्यास रक्तवाहिन्यांचा सीटी पाहावा व रक्तवाहिन्यांच्या सर्जनला आधीच कळवावे.

खोबणीची कडा शाबूत असलेला खोलगट खड्डा हाडाचे तुकडे ठोकून बसवून भरता येतो. कडाच गेली असेल, तर सच्छिद्र धातूचा ऑगमेंट (गेलेल्या हाडाची जागा भरणारा ठोकळा) स्क्रूने हाडाला घट्ट करून सच्छिद्र कप बसवावा आणि दोहोंमधील जागा सिमेंटने भरावी. श्रोणी तुटलेली असेल, तर कप-केज (कपावर बसवून हाडाला स्क्रूने जोडलेला धातूचा पिंजरा) किंवा त्या रुग्णासाठी मुद्दाम घडवलेला ट्रायफ्लँज (हाडाला जोडायच्या तीन पट्ट्या असलेला कप) लागतो. अंतिम निर्णय मात्र जुना कप काढून खड्डा स्वच्छ केल्यावरच होतो; त्यामुळे ठरवलेल्या इम्प्लांटच्या जोडीला पुढच्या पायरीचे इम्प्लांटही त्या दिवशी हाताशी असावे, असा माझा आग्रह आहे. ट्रायफ्लँज ऐन वेळी मिळत नाही, तो सीटीवरून आधीच बनवून घ्यावा लागतो. जुना कप उपटून काढू नये. वक्र ऑस्टिओटोमने (हाड कापायच्या छिन्नीने) कडेकडेने मोकळा करावा, कारण उरलेले हाड बहुधा याच टप्प्यावर हकनाक जाते.

मांडीच्या हाडाच्या अरुंद भागात स्टेमला (हाडाच्या पोकळीत बसणाऱ्या धातूच्या दांड्याला) ४ सेंटीमीटर चांगली पकड मिळते का, हे मोजावे. मोठ्या हानीत बहुतेकदा निमुळता, खाचांचा टायटॅनियम स्टेम कामी येतो. अपहारक स्नायू (पाय बाजूला उचलणारे) दुबळे असतील तर सांधा निखळू नये म्हणून ड्युअल मोबिलिटी कपचा (दोन ठिकाणी हालचाल होऊ देणाऱ्या कपचा) विचार करावा.

किती वजन टाकायचे हे शस्त्रक्रियेत मिळालेल्या पकडीवर ठरते. साधारण ६ ते १२ आठवडे पायावर अर्धवटच भार द्यावा लागतो आणि पुढेही थोडे लंगडणे राहू शकते, हे संमतिपत्रावर सही घेण्याआधी रुग्णाला आणि घरच्यांना स्पष्ट सांगावे.