काचेतून गेलेली गोळी: बॅलिस्टिक्समध्ये येणाऱ्या नवीन मुलामुलींसाठी

फॉरेन्सिकला ॲडमिशन घेतलेली मुलं विचारतात की बॅलिस्टिक्समध्ये (बंदुका आणि गोळ्यांच्या तपासात) नुसती पिस्तुलं आणि काडतुसं ओळखायची असतात का. ते तर आहेच, पण मी लॅबमध्ये या विभागात काम करतोय तर मला विचाराल तर आधी काच शिका, कारण खिडकीतून किंवा गाडीच्या काचेतून गोळी गेली की केसमधला निम्मा वाद तिथेच असतो.

पहिली गोष्ट दिशा. साध्या काचेला गोळीने पडलेलं भोक ज्या बाजूने गोळी बाहेर पडली त्या बाजूला रुंद असतं, बोट फिरवायचं नाही पण (ग्लोव्ह्ज घातले तरी नाही, काच कापते आणि पुरावाही बिघडतो), तिरका टॉर्च मारला की खळगा लगेच दिसतो. मग तडे. भोकापासून बाहेर पळणारे रेडियल तडे आधी पडतात आणि ते मागच्या बाजूने (जिथून गोळी बाहेर पडते) सुरू होतात, कारण काच मागे वाकते आणि तीच बाजू ताणली जाते, गोलाकार तडे नंतर पडतात आणि ते समोरून सुरू होतात. रेडियल तड्याची कड मायक्रोस्कोपखाली धरली की वळणावळणाच्या रेघा दिसतात, त्या मागच्या पृष्ठभागाला काटकोनात भिडतात. यालाच थ्री आर रूल (रेडियल, राइट अँगल, रिअर) म्हणतात आणि तोंडी परीक्षेत हमखास विचारतात. पण हा रूल गाडीच्या बाजूच्या टफन्ड (तापवून कडक केलेल्या) काचेला लावू नका, तिचे बारीक चौकोनी तुकडे होतात आणि समोरच्या लॅमिनेटेड (मधे प्लास्टिकचा थर असलेल्या) काचेतही जपून वापरा. दोन गोळ्या असतील तर नंतरच्या गोळीचे तडे आधीच्या तड्यांपाशी येऊन थांबतात, म्हणजे कोणती आधी लागली ते सांगता येतं.

आता मार्ग. नवीन माणूस काय करतो, काचेतलं भोक आणि समोरच्या भिंतीतलं भोक यात दोरी बांधतो, ती तशीच मागे खिडकीबाहेर लांबवतो आणि गोळी झाडणारा इथे उभा होता म्हणून मोकळा होतो. असं करू नका. काचेला लागताना गोळीचं नाक चेपतं, तिरकी लागली तर एक बाजू आधी चेपते, गोळी डगमगायला लागते, कधी आडवी होते, कधी गोळीवरचं तांब्याचं जॅकेट (आवरण) एकीकडे आणि शिशाचा गाभा दुसरीकडे जातो. पातळ काचेवर सरळ लागलेली गोळी फारशी वळत नाही, पण कोन जितका तिरका आणि काच जितकी जाड तितका भरवसा कमी, हलक्या आणि मऊ गोळीचंही तसंच. गाडीच्या कललेल्या पुढच्या काचेतून बाहेरून आत आलेली गोळी साधारणपणे खाली वळते. अमेरिकेत एफबीआय (तिथली केंद्रीय तपास संस्था) गोळ्यांची चाचणी घेते त्यात गाडीची काच ४५ अंशात कलवून आणि शिवाय १५ अंश बाजूला फिरवून ठेवतात, म्हणजे बघा किती गंभीरपणे घेतात हे. आणि ५ अंशांची चूक छोटी वाटते पण १० मीटरवर ती जवळपास ८७ सेंटिमीटर होते, म्हणजे पहिल्या मजल्याची खिडकी सोडून आरोपी भलत्याच खिडकीत जातो! म्हणून रिपोर्टमध्ये एकच रेघ काढून देऊ नका, शंकूसारखा पसरत जाणारा पट्टा द्या, आणि तशीच काच, तोच कोन, त्याच जातीचं काडतूस घेऊन टेस्ट फायर करून त्यावरूनच पट्टा किती रुंद ते ठरवा.

ही टेस्ट लावताना काचेमागे पांढरा कागद उभा करतात. तो कागद मी नवीन मुलांना मुद्दाम हातात देतो. मधे बहुतेक वेळा गोल भोक नसतंच, लांबट फाटका चिरा असतो आणि त्याच्याभोवती काचेच्या कणांनी टोचल्यासारखे शेकडो ठिपके. हेच ठिपके माणसाच्या कातडीवर उठले की जवळून गोळी मारल्याच्या खुणांसारखे दिसतात. उलट बंदुकीची खरी दारू, काजळी काचेवरच अडते, म्हणून जवळून झाडलेली गोळीही लांबून आल्यासारखी वाटते. पोस्टमॉर्टेम करणाऱ्या डॉक्टरांशी बोलल्याशिवाय अंतरावर मत देऊ नका, आणि मयताचे कपडे आधी बघा, त्यात काचेचे कण सापडले तर अर्धं कोडं तिथेच सुटतं.

शिक्षणाचं म्हणाल तर फिजिक्स पक्कं हवं. बीएस्सी फॉरेन्सिक केलं तर छानच, पण फिजिक्समधून एमएस्सी करूनही या बाजूला येणारे आहेत, जाहिरातीतली पात्रता मात्र शब्दन्‌शब्द वाचा. मुंबई, नागपूर, औरंगाबादला (आताचं छत्रपती संभाजीनगर) सरकारी न्यायसहायक विज्ञान (म्हणजे फॉरेन्सिक) संस्था आहेत, गांधीनगरला राष्ट्रीय न्यायसहायक विज्ञान विद्यापीठ आहे. १ जुलै २०२४ पासून भारतीय नागरिक सुरक्षा संहिता (फौजदारी प्रक्रियेचा नवा कायदा) लागू झाली, तिच्या कलम १७६(३) प्रमाणे सात वर्षं किंवा जास्त शिक्षेच्या गुन्ह्यात फॉरेन्सिक तज्ज्ञाने घटनास्थळी जायचं आहे, राज्यांना त्यासाठी पाच वर्षांपर्यंत मुदत दिलीय, म्हणजे घटनास्थळाचं काम येणाऱ्या काळात वाढणारच आहे.

तिथे गेल्यावर तडकलेली काच चौकटीतून काढायच्या आधी फोटो घ्या, आतली बाजू कोणती आणि बाहेरची कोणती हे मार्करने काचेवरच लिहा, मगच टेप लावा. बाजू लिहिली नसेल तर वरचा सगळा अभ्यास फुकट, आणि उलटतपासणीत बचाव पक्षाचा वकील पहिला प्रश्न तोच विचारतो.